भूकंपाचे दोन प्राध्यापक

बारावीनंतर ऍडमिशनच्या रांगेत उभं असताना आपल्यापुढे पर्याय तरी किती असतात? कॉम्प, ईअँडटीसी, मेकॅनिकल, सिव्हिल... आणि घरच्यांचा फारच हट्ट असेल तर मेडिकल. 'मला भूकंप शिकायचाय' असं म्हणणारा एखादा वीर त्या रांगेत निघालाच, तर आजूबाजूचे पालक त्याच्याकडे जरा सहानुभूतीनेच बघतील. भूकंप, पूर, वादळ या गोष्टी होतात, पेपरात येतात, आपण मदतनिधीला काहीतरी देतो आणि सोमवारी परत ऑफिसला जातो. त्या विद्यापीठात बसून शिकायच्या असतात हे डोक्यात येतच नाही.

तर मंडळी, भूकंपशास्त्राचा जगातला पहिला प्राध्यापक १८८६ साली नेमला गेला. इंग्लंडात नाही, जर्मनीत नाही, टोकियोत. आणि त्याच्यानंतर त्याच विभागात दोन माणसं आली ज्यांचं एका मुद्द्यावर शेवटपर्यंत जमलं नाही. भांडण पैशाचं नव्हतं. (जमिनीचं होतं म्हणा हवं तर!) प्रश्न असा होता: आपल्या शहरावर मोठं संकट येईल अशी अभ्यासातून शंका आली आहे, पण खात्री नाही, तर लोकांना सांगायचं की गप्प बसायचं?

ही गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज लिहायला बसलोय.

*

१८६८ नंतर मेजी राजवटीत जपानने सपाटाच लावला होता. रेल्वे, तारायंत्र, खाणी, पूल, जे जे पश्चिमेकडे आहे ते शिकून घ्यायचं. त्यासाठी गलेलठ्ठ पगार देऊन परदेशी प्राध्यापक बोलावले. आजच्या भाषेत ऑनसाइट असाइनमेंट, फक्त उलट्या दिशेने. त्यातलाच एक जॉन मिल्न, लिव्हरपूलचा, खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवणारा. याला बोट लागायची म्हणे, म्हणून पठ्ठ्या सायबेरियातून जमिनीवरून प्रवास करत १८७६ साली टोकियोला पोचला.

ब्रिटनमध्ये ज्यांच्या पायाखालची जमीन कधी हलली नव्हती अशा या मास्तरलोकांना जपानमध्ये येता-जाता धक्के बसायला लागले. २२ फेब्रुवारी १८८० ला योकोहामाला जरा जोराचा भूकंप झाला, घरांची धुराडी कोसळली. फार मोठा नव्हता, पण मिल्न आणि मंडळींना पुरेसा होता. त्याच वर्षी त्यांनी जपानची भूकंपशास्त्र संस्था काढली. केवळ भूकंपांसाठी निघालेली ही जगातली पहिली संस्था.

मग यंत्र आलं. मिल्न, जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे या तिघांनी मिळून-भांडून ते घडवलं. तत्त्व सोपं आहे. एक जड वजन असं टांगायचं की जमीन हलली तरी ते जडत्वामुळे जागच्या जागी राहील. त्या वजनाला जोडलेली सुई काजळी धरलेल्या फिरत्या काचेवर टेकवायची. जमीन हलते, काच हलते, सुई हलत नाही, आणि काचेवर भूकंपाची सही उमटते. त्याआधी भूकंप म्हणजे फक्त आठवणी होत्या, कोण घाबरलं, कुठली भिंत पडली. आता त्याचा लॉग मिळायला लागला. ज्याने कधी रात्री तीन वाजता लॉगशिवाय बग शोधलाय त्याला या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

१८८६ साली टोकियोतल्या संस्था एकत्र करून इम्पीरियल युनिव्हर्सिटी झाली आणि तिथे सेकिया हा भूकंपशास्त्राचा प्राध्यापक झाला. हा युइंगच्या हाताखाली तयार झालेला. लंडनला शिकायला गेला होता, पण क्षयामुळे परत यावं लागलं. १५ जानेवारी १८८७ च्या भूकंपात जमिनीचा एक कण कसकसा हलला हे त्याने तार वळवून दाखवलं होतं. त्या मॉडेलचा फोटो बघाल तर हसू येईल, लहान मुलाने रागावून केलेला तारांचा गुंता वाटतो. पण 'जमीन पुढे-मागे हलते' या समजुतीला त्याने सुरुंग लावला. बिचारा चाळिशी ओलांडता ओलांडता, १८९६ मध्ये गेला.

*

दरम्यान २८ ऑक्टोबर १८९१ ला सकाळी नोबीचा भूकंप झाला. ७,००० च्या वर माणसं गेली. जपानच्या जमिनीवर झालेल्या सगळ्यात मोठ्या भूकंपांपैकी हा एक. लाकडी घरं पडलीच, पण पाश्चात्त्य पद्धतीच्या विटांच्या नव्याकोऱ्या इमारतीही पडल्या, नागारा नदीवरचा लोखंडी रेल्वेपूल कोसळला. म्हणजे नुसतं 'फॉरेनचं ते चांगलं' म्हणून भागणार नव्हतं. जमीन इतकी सरकली की एके ठिकाणी सुमारे ६ मीटर उंचीची पायरीच तयार झाली. बुंजिरो कोतो या भूगर्भतज्ज्ञाने ती बघून १८९३ साली मांडलं की भूकंपामुळे ही भेग पडली नसून, भेगेच्या दोन बाजू सरकल्या म्हणून भूकंप झाला. आज शाळेच्या पुस्तकात असलेली गोष्ट, तेव्हा नवीन होती.

सरकारने १८९२ मध्ये भूकंप संशोधन समिती नेमली. आणि इथे आपला पहिला नायक येतो, फुसाकिची ओमोरी. जन्म १८६८, म्हणजे नोबीच्या वेळी २३ वर्षांचा. मोठा भूकंप होऊन गेल्यावर जे छोटे छोटे धक्के येत राहतात, ते हा चिकाटीने मोजत बसला. १८९४ साली त्याने त्याचा नियम मांडला: धक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते. ढोबळमानाने, पहिल्या दिवशी १०० धक्के आले तर दहाव्या दिवशी १०, आणि शंभराव्या दिवशी एखादा. तो नियम थोडाफार सुधारून आजही वापरतात, ओमोरीच्याच नावाने. सव्वाशेहून जास्त वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेला फॉर्म्युला!

सेकियानंतर भूकंपशास्त्राचा प्राध्यापक झाला तो हाच ओमोरी. मिल्न १८९५ साली आगीत घर आणि वेधशाळा गमावून इंग्लंडला परतला, सोबत जपानी पत्नी तोने. वाइट बेटावर राहून त्याने जगभर आपली यंत्रं पाठवली. त्यातलं एक १८९८ मध्ये आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत लागलं. योकोहामाच्या धुराड्यांपासून निघालेली ही गोष्ट अशी अठरा वर्षांत अरबी समुद्रापर्यंत आली.

*

आता दुसरा नायक. अकित्सुने इमामुरा, ओमोरीपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान. त्याच विभागात सहाय्यक, पण कित्येक वर्षं बिनपगारी. पोटापाण्यासाठी लष्करी शाळेत शिकवायचा. हुशारीत कमी नव्हता. १८९६ ला सानरिकूच्या किनाऱ्यावर त्सुनामीने सुमारे २२,००० माणसं नेली, तेव्हा समुद्राचा तळ सरकल्यामुळे ती लाट उठते असं १८९९ साली सांगणारा हाच. आज तेच बरोबर मानतात.

सप्टेंबर १९०५ मध्ये त्याने 'ताइयो' या मासिकात एक लेख लिहिला. शोधनिबंध नाही, साध्या वाचकांसाठी. हिशेब असा: टोकियोच्या (जुन्या एदोच्या) इतिहासात विध्वंसक भूकंप सरासरी शंभरेक वर्षांनी येतात. शेवटचा आला १८५५ मध्ये. त्याला ५० वर्षं झाली. म्हणजे पुढच्या ५० वर्षांत केव्हातरी येईल असं धरून चला. शहर लाकडाचं, दिवे रॉकेलचे, आणि पाण्याचे नळ धक्क्यात फुटणार. आग लागली तर एक ते दोन लाख माणसं मरू शकतात. त्यावर उपायही साधा सांगितला होता: रॉकेलचे दिवे काढा, विजेचे लावा. आगीची तयारी ठेवा.

काही महिने काहीच झालं नाही. जानेवारी १९०६ मध्ये एका वर्तमानपत्राने तो लेख उचलला आणि तिखटमीठ लावून छापला. लेखातला उपाय राहिला बाजूला, 'महाभूकंप येणार, लाखो मरणार' एवढंच उरलं. त्यात ते वर्ष जपानी पंचांगाप्रमाणे 'अग्नी-अश्व' वर्ष, म्हणजे आगी लागण्याचं वर्ष अशी लोकांची समजूत. फेब्रुवारीत एक जोराचा धक्का बसला आणि शहरात घबराट उडाली.

आता ओमोरीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही विभागप्रमुख आहात. तुमच्या हाताखालच्या माणसाचं नाव घेऊन लोक रस्त्यावर येताहेत. पुरावा काय, तर दोन-चार भूकंपांची सरासरी. ज्याने अंकगणितात थोडी इमानदारी शिकली आहे तो म्हणेलच की एवढ्याशा सॅम्पलवरून असं काही सांगता येत नाही. ओमोरी तेच म्हणाला. त्याच मासिकात लेख लिहून त्याने ही सगळी बिनबुडाची अफवा ठरवली. इमामुरा खोटं बोलतो, गावभर भीती पसरवतो अशी त्याची प्रतिमा झाली. १९१५ साली टोकियोजवळ लागोपाठ छोटे धक्के बसले, तेव्हा इमामुराने पुन्हा सावध राहायला सांगितलं आणि पुन्हा त्याला ओमोरीची बोलणी खावी लागली.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. आगीचा धोका ओमोरीलाही मान्य होता. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप होऊन शहर जळलं, तेव्हा तो स्वतः तिथे जाऊन सगळं बघून आला होता. म्हणजे दिवे बदला, पाणी सांभाळा यावर दोघांचं एकमत होऊ शकलं असतं. पण भांडण झालं ते 'येणार की नाही' यावर. आणि लोकांनी ऐकलं तेही एवढंच: मोठे प्रोफेसर म्हणताहेत, काही येत नाही.

*

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. पॅसिफिक विज्ञान परिषदेसाठी ओमोरी ऑस्ट्रेलियात गेला होता. त्या दिवशी तो सिडनीच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेला भेट देत होता. यंत्रं बघत असतानाच त्यातली एक सुई हलायला लागली. कुठेतरी लांब फार मोठा भूकंप झाला होता. आयुष्यभर सुईच्या रेघा वाचलेला माणूस तो, किती लांब आणि कुठल्या बाजूला हे कळायला त्याला कितीसा वेळ लागणार...

टोकियोत तेव्हा ११ वाजून ५८ मिनिटं झाली होती. जेवणाची वेळ, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. सागामी उपसागराखाली ७.९ तीव्रतेचा धक्का बसला. घरं पडली, शेगड्यांवर लाकूड पडलं, नळ फुटलेले, आणि वर वारा सुटलेला. ३ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत शहर जळत होतं. होन्जो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या डेपोची मोकळी जागा होती. लोक सामानसुमान घेऊन तिथे आले, आणि आगीच्या वावटळीत त्या एका मैदानावर सुमारे ३८,००० माणसं गेली. एकूण मृत आणि बेपत्ता सुमारे १,०५,०००. त्यातले बहुतेक आगीत.

आकडा परत वाचा. इमामुराने लिहिलं होतं, एक ते दोन लाख.

विद्यापीठही सुटलं नाही. तिथल्याच एका प्रयोगशाळेतली रसायनं पेटली आणि ग्रंथालय जळालं. त्यात मॅक्सम्युलरचा खाजगी ग्रंथसंग्रह होता. ऋग्वेदाची आवृत्ती काढणारा आपल्या परिचयाचा मॅक्सम्युलर. त्याच्या मृत्यूनंतर एका जपानी उद्योगपतीने तो विकत घेऊन विद्यापीठाला दिला होता. जगातला पहिला भूकंपविभाग ज्या आवारात होता, त्याच आवारात बाटल्या भूकंपात पडून पेटतात याची तजवीज झालेली नव्हती. हे वाचून मी थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

आणि जे सगळ्यात वाईट झालं ते जमिनीने केलं नाही. कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत, आगी लावताहेत अशी अफवा उठली. जमावांनी, काही ठिकाणी सैनिक-पोलिसांनीही, हजारो कोरियन लोकांना ठार मारलं. अफवेने माणसं मरतात ही ओमोरीची भीती खोटी नव्हती, पण ती जीवघेणी अफवा कुठल्या शास्त्रज्ञाच्या लेखातून आली नव्हती. खरी माहिती पोचत नव्हती तिथे ती शिरली.

ओमोरी मिळेल त्या बोटीने निघाला. वाटेतच तो फार आजारी पडला, मेंदूत गाठ होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो उतरला, आणि ८ नोव्हेंबर १९२३ ला वारला. वय ५५. त्याची जागा घेतली इमामुराने.

*

इथे सिनेमा असता तर 'इमामुरा जिंकला' म्हणून पडदा पडला असता. पण मला ते तितकंसं खरं वाटत नाही.

कारण शास्त्र म्हणून बघितलं तर ओमोरीची शंका रास्तच होती. सरासरी काढून 'इतक्या वर्षांत येईल' म्हणणं कच्चंच आहे. आजही दिवस-वार सांगून भूकंपाचं भाकीत करता येत नाही. जपानने १९७८ साली तोकाई भागातल्या भूकंपाचं भाकीत करता येईल असं धरून अख्खा कायदा केला होता. २०१७ मध्ये सरकारने ते गृहीतक सोडून दिलं.

ओमोरीची चूक दुसरीकडे झाली. 'येईल हे सांगता येत नाही' आणि 'येणार नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑफिसात आपण हेच करतो. अलर्ट सारखा सारखा वाजतो, खोटा निघतो, मग कोणीतरी सीनियर म्हणतो की म्यूट करून टाका रे. अलर्ट बंद होतो, धोका तिथेच असतो. ओमोरीला लोकांची भीती घालवायची होती. भीती गेली, आणि तिच्यासोबत तयारीही गेली.

हे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं नाही. इटलीत लाक्विला गावाला २००९ मध्ये छोटे धक्के बसत होते. एका अधिकाऱ्याने लोकांना निश्चिंत राहायला सांगितलं. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली. भाकीत चुकलं हा ठपका नव्हताच. खोटा दिलासा दिला, हा होता.

१९२५ साली टोकियो विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था निघाली. तिचा पहिला प्रमुख भूकंपवाला नव्हताच. क्योजी सुएहिरो हा जहाजबांधणीचा प्राध्यापक. जहाज लाटांवर कसं थरथरतं याचा अभ्यास केलेला माणूस इमारत कशी थरथरते हे सांगू शकेल, असा विचार त्यामागे होता. 'केव्हा येईल' सोबतच 'आला तर कशाचं काय होईल' हा प्रश्न आता मुख्य झाला.

इमामुराने मात्र 'केव्हा' सोडलं नाही. निवृत्तीच्या आगेमागे त्याने जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर, नानकाई भागात, स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभ्या केल्या. तिथे मोठा भूकंप येणार असं तो सांगत राहिला. डिसेंबर १९४४ आणि डिसेंबर १९४६ मध्ये ते आले. युद्धाच्या धामधुमीत त्याचं म्हणणं याही वेळी कोणी फारसं ऐकलं नव्हतं. १ जानेवारी १९४८ ला तो गेला.

*

आपल्याकडे रुरकी विद्यापीठात १९६० साली जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप अभियांत्रिकीचं केंद्र सुरू झालं. म्हणजे भूकंप शिकायचाय म्हणणाऱ्या त्या रांगेतल्या वीराला आपल्याच देशात जागा आहे, आणि ती बरीच जुनी आहे. तरी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट चुकली नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या वेळच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आलं. आठ ते दहा हजार माणसं गेली. 'इथे येत नाही' हे वाक्य तिथे कुठल्या प्रोफेसरने भाषणात म्हटलं नव्हतं. नकाशाचा रंगच ते म्हणत होता.

म्हणून मला वाटतं, आपत्ती विद्यापीठात शिकण्यातला सगळ्यात अवघड पेपर गणिताचा नसावा. 'मला नक्की माहीत नाही, तरी तुम्ही एवढं एवढं करून ठेवा' हे वाक्य लोकांसमोर सरळ उभं राहून कसं म्हणायचं, तो असावा. ओमोरीला त्यातलं पहिलं अर्धं येत होतं, इमामुराला दुसरं. एकाच विभागात, एकाच जिन्याने वर-खाली करत दोघांनी जवळजवळ पाव शतक काढलं, आणि ते वाक्य काही पूर्ण झालं नाही.

जपानमध्ये १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन म्हणून पाळतात. शाळा-ऑफिसांत सराव होतो. येणार का, केव्हा येणार, असं त्या दिवशी कोणी विचारत नाही. आला तर बाहेर कुठून पडायचं, एवढंच बघतात.

असो. बराच वेळ झाला. उठून आधी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात ठेवलेल्या सायकली आणि जुनी कपाटं कोणाची आहेत ते विचारून येतो. गेली दोन वर्षं येता-जाता बघतोय, आणि 'काही होत नाही' असंच म्हणतोय.